हॉक काउंट कसा करायचा: डोंगरावर बसून शिकारी पक्षी मोजणं, आणि त्यावरून ते वाढतायत की कमी होतायत हे ओळखणं

दर ऑक्टोबरात न्यू जर्सीकडची आपली मंडळी फॉल कलर्स बघायला पेनसिल्व्हेनियात येतात, त्यातली बरीचशी हॉक माउंटनवर पण जातात, नॉर्थ लुकआउटच्या दगडांवर बसून डबा खातात, दोनचार गरुड बघतात, फोटो काढतात आणि परत जातात. तिथेच एका बाजूला एक जण हातात क्लिकर घेऊन सकाळपासून बसलेला असतो, मधे मधे काहीतरी लिहीत असतो, आणि त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. हा लेख त्याच्या कामाबद्दल आहे. मी स्वतः त्याच किटाटिनी डोंगररांगेवर, आमच्या घराजवळच्या एका छोट्या वॉचसाइटवर, म्हणजे पक्षी मोजायच्या ठरलेल्या जागेवर, गेली काही वर्षं फॉलमधले वीकेंड हेच काम करते. आपल्यातल्या कोणाला करावंसं वाटलं तर कुठून सुरुवात करायची, काय लिहायचं, आणि त्या आकड्यांचं पुढे होतं काय, ते सगळं इथे सांगते.

आधी हे मोजायचं कशाला ते सांगते, कारण ते कळलं नाही तर थंडीत तासन्‌तास बसवत नाही.

शिकारी पक्षी एरवी मोजायला फार अवघड. एकेका जोडीला मोठा इलाका लागतो, घरटी दाट जंगलात नाहीतर कॅनडात कुठेतरी लांब, तिथे जाऊन कोण मोजणार. पण वर्षातून दोनदा हे पक्षी स्वतःच एका वाटेवर येतात. उत्तरपश्चिमेचा वारा डोंगररांगेवर आपटून वर चढतो, त्या वर चढणाऱ्या हवेवर पंख पसरून हे पक्षी जवळजवळ फुकटात दक्षिणेला सरकतात, म्हणून रांगेवरच्या एका उंच दगडावर बसलं की हजारो चौरस मैलांतले पक्षी तुमच्या डोळ्यांसमोरून जातात.

हीच गोष्ट शिकाऱ्यांनाही माहीत होती. १९२९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने गॉशॉक (एक मोठा शिकारी पक्षी) मारणाऱ्याला ५ डॉलर बक्षीस लावलं, आणि लोक या डोंगरावर येऊन गॉशॉकच काय, जे दिसेल ते पाडायचे. रिचर्ड पाऊने १९३२ मध्ये मेलेल्या पक्ष्यांच्या ओळी मांडून काढलेले फोटो रोझली एज या बाईंनी पाहिले, आणि १९३४ मध्ये त्यांनी हा सुमारे १,४०० एकरांचा डोंगर सरळ भाड्याने घेतला, मॉरिस ब्राऊन आणि त्यांची बायको अर्मा यांना राखण करायला बसवलं. ब्राऊन नुसते बंदुकवाल्यांना अडवत बसले नाहीत, येणारा प्रत्येक पक्षी मोजून लिहीत गेले. दुसऱ्या महायुद्धात ते नेव्हीत गेले तेव्हा १९४३ ते ४५ अशी तीन वर्षं मोजणी पडली, बाकी ती आजतागायत चालू आहे.

त्या वह्यांचं काय झालं ते ऐका. ब्राऊन बाल्ड ईगल मोजताना पूर्ण वाढलेले किती आणि कोवळे किती हे वेगळं लिहायचे. १९३५ ते ३९ मध्ये दिसलेल्या बाल्ड ईगलपैकी ४० टक्के कोवळे होते, १९५५ ते ५९ मध्ये ते २० टक्क्यांवर आले, आणि १९५७ मध्ये तर ३२ मोठ्यांमागे फक्त १ पिल्लू. म्हणजे मोठे पक्षी अजून दिसत होते, म्हणून वरवर सगळं ठीक वाटत होतं, पण पिल्लं होतच नव्हती. रेचल कार्सनने १९६२ च्या सायलेंट स्प्रिंग या पुस्तकात डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध जी केस मांडली त्यात हे आकडे आहेत. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये. ब्राऊन यांनी १९३५ साली कोवळे-मोठे वेगळे लिहिले तेव्हा हे पुढे कशासाठी लागेल याची त्यांना कल्पनाही नसणार, कारण डीडीटी तेव्हा बाजारातच नव्हतं. मला या कामात सर्वात जास्त भावतं ते हेच.

आता काम.

१. जागा आणि दिवस

स्वतःची नवी जागा शोधत बसू नका, आधी चालू असलेल्या साइटवर एक पूर्ण सीझन बसा. उत्तर अमेरिकेतल्या वॉचसाइट हॉक मायग्रेशन असोसिएशन या संस्थेशी जोडलेल्या असतात, ही १९७४ मध्ये स्थापन झाली, आणि हॉककाउंट नावाच्या तिच्या साइटवर तुमच्या जवळची जागा, तिचा कोऑर्डिनेटर आणि रोजचे आकडे सगळं दिसतं. बहुतेक ठिकाणी व्हॉलंटियर कमीच पडतात, ईमेल केलीत तर आनंदाने बोलावतील.

हॉक माउंटनची फॉलची मोजणी १५ ऑगस्टला सुरू होते आणि १५ डिसेंबरला संपते. (सुरुवातीच्या दिवशी माझ्या फोनवर तिकडून झेंडावंदनाचे फोटो येत असतात, त्यामुळे तारीख विसरायचा प्रश्नच नाही.) चार महिने एकसारखे नसतात, प्रत्येक पक्ष्याची वेळ ठरलेली आहे. ऑगस्टच्या शेवटी ऑस्प्रे, बाल्ड ईगल, केस्ट्रल, सप्टेंबरच्या मधल्या दहाबारा दिवसांत ब्रॉड-विंग्ड हॉकचा लोंढा, मग ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात शार्प-शिन्ड आणि कूपर्स, त्यांच्यासोबत मर्लिन आणि पेरेग्रीन म्हणजे आपला बहिरी ससाणा, आणि शेवटी ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर रेड-टेल आणि गोल्डन ईगल. कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेचा पट्टा, येऊन गेला की पुढचे दोन दिवस सुटी काढा, कारण उत्तरपश्चिमेचा वारा सुटतो. पण इथेच एक मेख आहे, फक्त चांगल्या दिवशी जाऊन बसलात तर आकडे खोटे होतात, त्याबद्दल पुढे.

२. सोबत काय न्यायचं

८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ ची दुर्बीण. स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण, साइटवर बहुतेक असतोच. एक किंवा दोन क्लिकर, बँकेत नाहीतर कार्यक्रमाच्या दारात माणसं मोजायला वापरतात तसले. बसायला जाड उशी, कारण दगड सप्टेंबरात तापतात आणि नोव्हेंबरात बर्फासारखे गार पडतात. थर्मास. पेन नको, पेन्सिल न्या, थंडीत पेन चालत नाही. नोव्हेंबरात बोटं उघडी करता येतील असे ग्लव्ह्ज.

३. आकाश कसं चाळायचं

नवीन माणूस डोळ्यांनी पक्षी दिसायची वाट बघतो, आणि निम्मे पक्षी तिथेच सुटतात. दुर्बीण लावून डोंगराच्या कडेवरून डावीकडून उजवीकडे सावकाश जायचं, मग दुर्बिणीचा एक घेर वर सरकवून परत उजवीकडून डावीकडे, मग अजून एक घेर वर, मग मान वर करून थेट डोक्यावर. एवढं झालं की मिनिटभर नुसत्या डोळ्यांनी बघा, डोळ्यांना आराम. निळ्याभोर कोऱ्या आकाशात उंचावरचा पक्षी शोधणं सर्वात कठीण, ढग असले की ढगाच्या पांढऱ्यावर काळा ठिपका लगेच दिसतो, म्हणून मोजणारे लोक "काय सुंदर निरभ्र दिवस" ऐकून खूश होत नाहीत.

प्रत्येक साइटवर क्षितिजावरच्या खुणांना नावं असतात. हॉक माउंटनवर समोरच्या डोंगराच्या उंचवट्यांना नंबर दिलेत, वन ते फाइव्ह, आणि पिनॅकल वगैरे टोकं. "ओव्हर थ्री, वन ग्लास अप" म्हणजे तिसऱ्या उंचवट्याच्या वर दुर्बिणीचा एक घेर. पहिल्याच दिवशी ही नावं पाठ करा, नाहीतर शेजारी ओरडतोय आणि तुम्ही "कुठे, कुठे" करताय तोवर पक्षी गेला.

४. ओळखायचं कसं

रंग विसरा. मैलभर लांबून रंग दिसत नाही, आकार आणि उडायची ढब दिसते. टर्की व्हल्चर पंख व्ही सारखे वर धरून डुलत डुलत जातं. बाल्ड ईगल म्हणजे सपाट फळी. गोल्डन ईगलचे पंख थोडेसे वर उचललेले. ऑस्प्रेचे पंख मधेच मोडल्यासारखे, इंग्रजी एम. हॅरियर म्हणजे भोवत्या, त्याची शेपटी लांब आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. केस्ट्रल, मर्लिन, पेरेग्रीन यांचे पंख टोकदार.

सर्वात जास्त वाद होतो शार्प-शिन्ड की कूपर्स यावर. दोन्ही आपल्या शिक्र्याच्या घाटणीचे, दोन्ही दोनतीनदा फडफड करून मग तरंगतात. शार्पीचं डोकं पंखांच्या रेषेत बुडाल्यासारखं दिसतं आणि शेपटी टोकाला चौकोनी, कूपर्सचं डोकं ठळक पुढे आलेलं आणि शेपटी टोकाला गोल. हे पुस्तकात सोपं वाटतं, डोंगरावर वाऱ्यात पक्षी उलटसुलट होत असताना पन्नास-शंभर पक्षी बघितल्याशिवाय डोळा बसत नाही.

आणि नाही ओळखता आला तर? फॉर्ममध्ये "अनआयडेंटिफाइड" असे वेगळे रकाने असतात, अनआयडेंटिफाइड फाल्कन, ब्यूटिओ (रेड-टेल, ब्रॉड-विंग्ड यांचा गट), आणि काहीच कळलं नाही तर नुसता रॅप्टर. तिथे लिहायला अजिबात लाजू नका. अंदाजाने लिहिलेलं नाव खऱ्या नावांत मिसळलं की ते नंतर कोणालाही वेगळं काढता येत नाही.

५. केटल मोजणं

ब्रॉड-विंग्ड हॉक डोंगराच्या वाऱ्यापेक्षा थर्मलवर, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेवर, जास्त भरोसा ठेवतात. एक थर्मल सापडला की सगळे त्यात शिरतात आणि गोल गोल फिरत वर जातात, त्याला इथे केटल म्हणतात. पहिल्यांदा केटल बघणारा माणूस हमखास फिरणारे पक्षी मोजायला लागतो. ते मोजूच नका, तोच पक्षी तुम्ही चारदा मोजाल.

नुसतं बघत थांबा. केटल वर चढत चढत बारीक होत जातं, मुंग्यांएवढे ठिपके होतात, आणि मग एकदम वरच्या टोकातून एक पक्षी पंख अर्धे मिटून दक्षिणेला घसरतो, त्याच्या मागे दुसरा, तिसरा, आणि बघता बघता अख्खं केटल उसवून एका सरळ धाग्यासारखं निघतं. त्या वेळी दुर्बीण एका जागी स्थिर धरायची, मनात एक उभी रेघ समजायची, आणि ती रेघ ओलांडणारा प्रत्येक पक्षी एक क्लिक. फारच दाट असतील तर आधी दहा नीट मोजून दहाचा पुंजका केवढा दिसतो ते डोळ्यात बसवा आणि मग दहादहाने क्लिक करा. हॉक माउंटनवर सप्टेंबर १९७८ मध्ये एकाच दिवशी हजारोंनी ब्रॉडविंग गेले होते. तेच पुढे मेक्सिकोत व्हेराक्रूझच्या चिंचोळ्या पट्टीत सगळीकडून येऊन मिळतात, तिथे एका सीझनमध्ये सगळे मिळून ४० लाखांच्या वर शिकारी पक्षी मोजले जातात. मोजायची पद्धत मात्र हीच, रेघ आणि क्लिक.

आणखी एक, जो पक्षी तुमच्या दरीत सकाळपासून घिरट्या घालतोय तो तिथलाच आहे, प्रवासी नाही. रेड-टेल आणि व्हल्चर यांच्या बाबतीत हे फार होतं. रेघ ओलांडून पुढे निघून गेला तरच मोजायचा.

६. फॉर्म, म्हणजे खरं काम

हा भाग सर्वात कंटाळवाणा वाटतो आणि सर्वात महत्त्वाचा आहे.

दर तासाला एक ओळ. तास स्टँडर्ड टाइमचा, घड्याळ डेलाइट सेव्हिंगवर असलं तरी, म्हणजे सप्टेंबरात घड्याळात ९ वाजलेत तेव्हा फॉर्मवर ८. या ओळीत किती मिनिटं मोजलं, किती जण मोजत होते, वारा किती आणि कुठून, तापमान, ढग किती टक्के, किती लांबचं दिसतंय, पाऊस-धुकं, पक्षी कुठल्या दिशेला आणि किती उंचीवरून गेले. उंचीला ० ते ७ कोड आहेत, ० म्हणजे तुमच्या नजरेच्या खालून, २ म्हणजे नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो, ४ म्हणजे फक्त दुर्बिणीतून. वाऱ्याची दिशा म्हणजे तो येतो कुठून आणि पक्ष्याची दिशा म्हणजे तो जातो कुठे, यात गफलत सगळ्यांची होते, फॉर्मच्या कडेला लिहून ठेवा.

आणि शून्य लिहा. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. ऑगस्टच्या शेवटच्या दोन वीकेंडना दुपारी एकही पक्षी आला नाही, मी ते तास कोरे सोडले, म्हटलं काही झालंच नाही तर लिहायचं काय. सीझन संपल्यावर आमच्या साइटच्या कोऑर्डिनेटर बाईंनी माझे फॉर्म समोर ठेवून विचारलं, "या वेळी तू इथे होतीस आणि पक्षी नव्हते, की तू घरी गेली होतीस?" मला आठवेना. ते सगळे तास काढून टाकावे लागले. कोरी ओळ म्हणजे कोणी बघितलंच नाही, शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हते, आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पक्षी कमी होतायत हे जेव्हा कधी सिद्ध करायची वेळ येईल तेव्हा तुमचे शून्यच कामाला येणार आहेत.

तसंच मोजणाऱ्यांचं. एरवी दोघं असतात आणि ऑक्टोबरातल्या कोलंबस डेच्या सुटीच्या वीकेंडला वीस पाहुणे बोटं दाखवतायत, तर त्या दिवशी जास्त पक्षी सापडणारच, ते जास्त आले म्हणून नव्हे. म्हणून ठरलेला मोजणारा तोच राहतो आणि किती जण होते ते लिहिलं जातं. बऱ्याच साइटवर काठीला प्लॅस्टिकचं घुबड लावतात, शार्पी त्याच्यावर चिडून खाली झेप घेतात आणि जवळून दिसतात. लावत असाल तर रोज लावा, नसाल तर कधीच नको, एक वर्ष लावलं आणि पुढच्या वर्षी विसरलात असं चालणार नाही.

७. आकड्यांमधून कल कसा काढतात

समजा एका साइटवर एका वर्षी ३०० केस्ट्रल मोजले आणि पुढच्या वर्षी पण ३००. सारखेच? पहिल्या वर्षी १०० तास बसले होते आणि दुसऱ्या वर्षी १५०, तर तासाला ३ वरून तासाला २ वर आले, म्हणजे घट आहे. म्हणून नुसता एकूण आकडा कधीच वापरू नका, तासाला किती ते बघा. आणि ते तासही त्या पक्ष्याच्या हंगामातलेच घ्यायचे, ब्रॉडविंगच्या हिशेबात नोव्हेंबरचे तास घालून काय उपयोग, उगाच सरासरी पडते.

पुढची अडचण केटलवाल्या दिवसांची. एका दिवसात ५ हजार आणि बाकी दिवसांत पन्नास-पन्नास, तर तो एक दिवसच सगळं वर्ष ठरवतो. म्हणून रोजच्या आकड्याचा लॉगरिदम घेऊन मग सरासरी काढतात, त्यामुळे एका दिवसाचा जोर कमी होतो. स्प्रेडशीटमध्ये हे आरामात जमतं. रोजची तासाला-किती संख्या अधिक १, तिचा लॉग, सीझनची सरासरी, आणि वर्षानुसार आलेख. दोन-तीन वर्षांच्या आलेखावरून काहीही बोलू नका, वाराच एवढा बदलतो की दहा वर्षांच्या आत ओढलेल्या रेघेला फारसा अर्थ नाही.

आणि एका साइटवरून तर अजिबात बोलू नका. रेड-टेलचं उदाहरण घ्या. पूर्वेकडच्या बऱ्याच साइटवर ते घटलेले दिसतात, पण हिवाळ्यातल्या ख्रिसमस बर्ड काउंटमध्ये उत्तरेकडे ते जास्त दिसायला लागलेत. थंडी कमी झाली, खायला मिळतं, तर एवढ्या लांब दक्षिणेला येतील कशाला, वरच थांबतात. पक्षी मेलेले नाहीत, आपल्या डोंगरापर्यंत आलेच नाहीत. हे एका डोंगरावर बसून कधीच कळलं नसतं. यासाठीच हॉक माउंटन, हॉक मायग्रेशन असोसिएशन, हॉकवॉच इंटरनॅशनल आणि कॅनडाची पक्षीसंस्था या संस्था मिळून रॅप्टर पॉप्युलेशन इंडेक्स चालवतात, त्यात अनेक साइटचे आकडे एकत्र तपासतात.

केस्ट्रलचं मात्र तसं समाधान करून घेता येत नाही. एवढासा सुंदर पक्षी, आपल्या खरुचीचा अमेरिकन भाऊ, आणि तो पूर्वेकडच्या साइटवर तर घटतोच आहे, घरट्यांच्या मोसमातल्या सर्व्हेमध्येही घटतो आहे. कारण एकच असं अजून हाती लागलेलं नाही. उलट बाल्ड ईगल, ज्याची पिल्लं १९५७ मध्ये दिसत नव्हती, तो २००७ मध्ये धोक्यातल्या यादीतून बाहेर आला, पेरेग्रीन त्याच्याही आधी १९९९ मध्ये. आता आमच्या छोट्या साइटवरही चांगल्या दिवशी बाल्ड ईगल दिसतोच, आणि आम्ही अजूनही प्रत्येकाचं वय वेगळं लिहितो. तुम्हीही जिथे जमेल तिथे वय लिहा, बाल्ड ईगलचं पांढरं डोकं तर लांबूनही कळतं.

आणि महाराष्ट्रात?

तिकडच्या मित्रमैत्रिणी नेहमी विचारतात, म्हणून थोडं लिहिते. नागालँडात दोयांग धरणाजवळच्या पांगती गावात २०१२ मध्ये अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात पकडले जात होते, एका वर्षात गावाने ते थांबवलं, आणि २०१३ मध्ये सॅटेलाइट टॅग लावलेले ससाणे देशाच्या मधून येऊन अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला गेले. मला हे वाचून हॉक माउंटनच आठवलं होतं, आधी बंदुका नि जाळी, मग राखण. नोव्हेंबरात लोणावळ्याच्या कड्यांवर हे ससाणे दिसतात, बरेच जण फोटोसाठी जातातच. नेपाळात अन्नपूर्णेच्या पायथ्याशी थुलाखर्क इथे गरुडांची फॉलमधली मोजणी होते, म्हणजे आपल्या बाजूलाही हे जमतं.

तर पुढच्या नोव्हेंबरात कॅमेऱ्यासोबत एक वही न्या. एक कडा ठरवा, तोच, दरवर्षी. सकाळी ठरलेल्या वेळेला बसा, दर तासाला वारा, ढग, किती जण बघताय आणि किती पक्षी गेले ते लिहा, घिरट्या घालणाऱ्या घारी मोजू नका, आणि घरी आल्यावर त्याच रात्री ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर स्टेशनरी काउंट (एकाच जागी बसून केलेली मोजणी) म्हणून, प्रत्येक तासाची वेगळी चेकलिस्ट करून टाका. ज्या तासात एकही शिकारी पक्षी दिसला नाही त्या तासाची चेकलिस्ट पण टाका, तेव्हा दिसलेले बुलबुल, साळुंक्या, पाकोळ्या सगळं लिहून.